राजर्षी शाहू : पायताणाला मोल आणि मैदानाला समता देणारा लोकराजा

दरवर्षी २६ जूनला कोल्हापुरात दसरा चौकातील राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी रांगा लागतात. मिरवणुका निघतात, व्याख्याने होतात. आरक्षणाचे जनक, वसतिगृहांचे जनक, रयतेचा राजा अशी विशेषणे दिवसभर कानावर पडतात. ती सारी खरीच आहेत. पण विशेषणांच्या गर्दीत माणूस हरवतो आणि त्याने काम नेमके कसे केले हे विसरले जाते. म्हणून आज आम्ही महाराजांचे चरित्र फेट्याच्या तुऱ्यापासून न सांगता पायातल्या पायताणापासून सांगणार आहोत. पायताण आणि मैदान या दोन गोष्टी धरून महाराजांच्या आयुष्याकडे पाहिले, तर जातिव्यवस्थेवर त्यांनी घाव कुठे घातला हे स्पष्ट दिसते आणि आपल्या वाट्याला कोणते काम उरले आहे तेही कळते.

हा विषय आम्हाला आजच का सुचला? आमच्या वस्त्यांतील तरुण आज परदेशी कंपन्यांचे बूट घालतात. हप्त्यावर घेतात, जुन्या ब्रशने घासून लख्ख ठेवतात, पावसात बाहेर काढत नाहीत. वडीलधारी माणसे त्यावर नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. ज्यांच्या आजे-पणज्यांना गावातून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, त्यांचा नातू हजारो रुपयांचे बूट घालून ताठ मानेने चालत असेल, तर त्यात वाईट काय? नीटनेटके राहा, अंगावरचे हीनपणाचे डाग पुसून टाका, हे बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली आमच्या आयाबहिणींना सांगितलेच होते. पण त्या बुटालाही एक इतिहास आहे आणि तो आमच्या तरुणांनी वाचला पाहिजे.

हार्लेमची गल्ली आणि कोल्हापूरची पेठ

बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड येथे एका शिक्षकाने, जेम्स नायस्मिथ यांनी, हिवाळ्यात मुलांना बंद खोलीत खेळता यावे म्हणून काढला. या खेळासाठी कन्व्हर्स कंपनीने १९१७ मध्ये कापडी बूट आणला. बूट विकत फिरणाऱ्या चक टेलर नावाच्या खेळाडूचे नाव पुढे त्या बुटावर छापले गेले. मात्र गोऱ्यांच्या मोठ्या व्यावसायिक लीगचे दार काळ्या खेळाडूंना १९५० पर्यंत बंद होते. मग काळ्यांच्या मुलांनी काय केले? ती गल्लीत खेळली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये होलकोम्ब रकर नावाच्या, उद्यान खात्यात काम करणाऱ्या एका काळ्या माणसाने १९५० च्या सुमारास वस्तीतल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. खेळाबरोबर शाळा सुटता कामा नये, यावर त्याचा कटाक्ष होता. त्या उघड्या मैदानातून असे खेळाडू निघाले की मोठ्या लीगचे नामवंतही तेथे खेळायला येऊ लागले. १९८५ मध्ये नायकी कंपनीने मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट बाजारात आणला आणि काळ्या वस्तीतली चाल, तिचा पेहराव, तिचा रुबाब जगभर विकला जाऊ लागला.

विकला कोणी? कंपनीने. शिवला कोणी? इंडोनेशिया आणि व्हिएतनामच्या कारखान्यांतील बायाबापड्यांनी. त्यांच्या तुटपुंज्या मजुरीवरून १९९० च्या दशकात अमेरिकेतच मोठा गदारोळ झाला.

म्हणजे या साऱ्या इतिहासात प्रश्न दोनच आहेत. मैदानात उतरण्याचा हक्क कोणाला? आणि बुटाचे मोल कोणाच्या पदरात? हेच दोन प्रश्न आमच्या कोल्हापुरात हार्लेमच्याही आधी उभे राहिले होते, आणि त्यांना उत्तर देणारा माणूस गादीवर बसलेला राजा होता. म्हणून आता त्यांच्या चरित्राकडे वळू.

राजा असूनही शूद्र

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातील हे मूल. नाव यशवंतराव. आई राधाबाई ते लहान असतानाच वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक म्हणून आले आणि शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव गेले. पोरक्या राजाचे शिक्षण आधी राजकोटला आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले. पुस्तकांबरोबर घोडा, शिकार आणि कुस्तीचा नाद लागला. शरीर धिप्पाड झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभार हाती आला.

कारभार हाती घेतला तेव्हा दरबारातील वरच्या जागा जवळजवळ साऱ्या एकाच जातीच्या हातात होत्या. शिकलेले तेच, लिहिणारे तेच, न्याय देणारेही तेच. तरुण राजाला हे खटकत होतेच. पण खरा चटका बसला तो शतक संपता संपता. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतो, हे उघड झाले. कारण काय, तर राजा शूद्र! शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेला, हजारो रुपयांची इनामे देणारा राजाही भटजीच्या लेखी शूद्रच. आणि शूद्र कोठून जन्मला, तर म्हणे ब्रह्मदेवाच्या पायापासून!

वेदोक्त प्रकरणाचा हा अर्थ आपल्या चळवळीने नीट ध्यानात घेतला पाहिजे. महाराजांना त्या दिवशी कळले की या व्यवस्थेत पाय म्हणजे नुसता अवयव नाही, ती दर्जाची जागा आहे. ज्याला पायापासून जन्मलेला म्हटले तो खाली, आणि जो लोकांच्या पायांसाठी राबतो तो त्याच्याही खाली. ढोर कातडे कमावणार, चांभार पायताण शिवणार. त्यांनी कमावलेले आणि शिवलेले वरच्या जातींच्या पायांत चालेल, पण त्यांची सावली चालणार नाही. दुसरा एखादा राजा असता तर वेदोक्त मंत्रांचा हक्क मिळवून गप्प बसला असता. महाराज स्वतःसाठी वेदोक्ताचा हक्क मिळवून थांबले नाहीत. ते उतरंडीच्या तळापर्यंत खाली उतरले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. हुकूम निघाला तेव्हा ते स्वतः एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडच्या दौऱ्यावर होते.

आखाड्यातली समता

त्याच दौऱ्यात युरोपातील प्राचीन भव्य क्रीडागारे पाहून आपल्या गावातही असे मैदान व्हावे ही कल्पना महाराजांच्या मनात आली, असे सांगितले जाते. १९०७ ला काम सुरू झाले आणि १९१२ ला खासबाग मैदान उभे राहिले. मध्यभागी लाल मातीचा आखाडा आणि भोवती उतरती बैठक. कोठेही बसा, कुस्ती डोळ्यांपुढे. मध्ये ना खांब, ना आडोसा. पहिल्याच मोठ्या कुस्तीत पंजाबचा इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे दोन मुसलमान मल्ल लढले आणि सारे कोल्हापूर त्यांच्यासाठी लोटले. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, जुन्या सावरल्या गेल्या. पैलवानांच्या खुराकाचा खर्च दरबारातून निघू लागला.

आता कोणी म्हणेल, राजेलोकांना असले शौक असायचेच, त्यात समता कसली? तर आखाड्याचा कायदा समजून घ्या. कुस्ती लांबून होत नाही. अंगाला अंग भिडवावे लागते, घाम घामात मिसळावा लागतो. पाठीला लागलेली माती जात विचारत नाही. ज्या समाजात स्पर्श हाच गुन्हा, तेथे अस्पृश्याच्या पोराला आखाड्यात उतरवणे म्हणजे विटाळाच्या मुळावर घाव घालणे होय. महाराजांनी अस्पृश्य मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या कुस्त्या लावल्या. शाहूचरित्रांत एक नोंद येते ती आम्हाला फार मोलाची वाटते. महाराज महार पैलवानांना जाट, चांभार पैलवानांना सरदार आणि भंगी पैलवानांना पंडित म्हणवू लागले. नाव पुकारले की आधी जात कळते आणि जात कळली की प्रेक्षकाची नजर फिरते, हे त्यांनी ओळखले होते. चांभाराचा मुलगा सरदार म्हणून मैदानात येतो आणि हजारो लोक त्याच्या डावाला दाद देतात! यात विनोद होता, टोमणा होता, आणि त्याहून जास्त राजनीती होती.

याची तुलना त्याच काळातील पुण्याशी करून पाहा. महाराज ज्या धारवाडात शिकले त्याच धारवाडात १८७६ मध्ये चांभार कुटुंबात जन्मलेला पळवणकर बाळू पुण्याच्या क्रिकेट मैदानावर आधी माती दाबायला, पाणी मारायला होता आणि मग गोलंदाजी करू लागला. त्याच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या वेळी हिंदुस्थानात नव्हता. पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. त्याने टाकलेला चेंडू चालत होता. पण चहाच्या सुट्टीत त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने शंभरावर बळी घेतले.

आणि कोल्हापुरात काय झाले? गंगाराम कांबळे नावाच्या महार नोकराने सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्याला धंद्यासाठी मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाने घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पुण्यात खेळाडूला मंडपाबाहेर चहा आणि कोल्हापुरात राजा महाराच्या दुकानात चहाला. या दोन चहांमध्ये जे अंतर आहे, तेच सुधारणेच्या गप्पा आणि समतेचा कारभार यांतील अंतर आहे.

बलुत्यातून बाजारात

आता पायताणाकडे येऊ. कोल्हापुरी चप्पल म्हणजे कातड्याचे कष्टाचे काम. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचे, तळ ठोकून ठोकून बसवायचा, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवायचे. वेणी, कान, गोंडे यांचे नाजूक काम बहुतेक घरातल्या बाया करतात. जुन्या चपलांची नावे गावांवरून पडली. कापशी हे त्यांतले ठळक नाव, आणि हे कापशी महाराजांच्या कागलच्याच मुलखातले. महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले हे कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. पण आमच्या मते त्यांनी या धंद्यासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट चपलेशी थेट संबंध नसलेल्या एका हुकमात आहे.

तो हुकूम म्हणजे १९१८ मध्ये बलुतेदारी रद्द करणारा हुकूम. बलुते म्हणजे काय हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. चांभाराने वर्षभर गावाची पायताणे शिवायची, मोटा सांधायच्या, नाडे-सोल करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन पदर पसरायचा. शेतकरी देईल ते धान्य घ्यायचे. भाव ठरवायचा नाही, नकार द्यायचा नाही, दुसऱ्या गावात जायचे नाही, दुसरा धंदा करायचा नाही. बापाचे गिऱ्हाईक मुलाच्या गळ्यात. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर येथे करारच नव्हता. करार दोन स्वतंत्र माणसांत होतो. बलुत्यात एक बाजू जन्माने बांधलेली होती. महाराजांनी ही बेडी तोडली. ज्याला जो धंदा करायचा तो त्याने करावा आणि आपल्या कामाचा मोबदला रोख घ्यावा, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी महार वतनाच्या जमिनींची रयतावा करून महारांनाही गावकीच्या फुकट राबणुकीतून मोकळे करण्याची वाट काढली.

या एका हुकमाने दोन दरवाजे उघडले. पहिला दरवाजा आत राहणाऱ्यासाठी. ज्याला चप्पलच करायची आहे त्याने ती बाजारात, आपल्या भावाने विकावी. दुसरा दरवाजा बाहेर पडणाऱ्यासाठी. ज्याला कातड्याला हात लावायचा नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही. पण बाहेर पडून जायचे कोठे? त्यासाठी महाराजांनी आधीच तयारी केली होती. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले होते. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड बसवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून साऱ्या मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या येथे विटाळ पाळू नये, असे हुकूम त्याच वर्षीचे. अस्पृश्यांना तलाठी केले, माहूत केले. आणि ज्याचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो ते म्हणजे त्यांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. आज कोर्टाच्या पायऱ्या चढताना आम्हा काळ्या कोटवाल्यांना याची आठवण राहिली पाहिजे.

लक्षात घ्या, यातील प्रत्येक गोष्ट लेखी हुकमाने झाली. महाराजांना दया नव्हती असे नाही, पुष्कळ होती. पण दया माणसाबरोबर जाते, हुकूम दप्तरात राहतो. त्यांनी अस्पृश्यांना दान दिले असते तर आज आम्ही त्यांना दानशूर म्हटले असते आणि विसरलो असतो. त्यांनी हक्क दिले, आणि हक्क मागायची सवय लावली.

कोल्हापूर ते परळ

या साऱ्या कामात एक नाव आमच्या लोकांनी विसरता कामा नये. कोल्हापूरच्या चर्मकार समाजातील कार्यकर्ते दत्तोबा पवार. महाराज आणि बाबासाहेब यांचा संबंध जुळवून आणण्यात दत्तोबांचा मोठा वाटा होता. पुढे बाबासाहेबांचा त्यांच्याशी पत्रव्यवहारही राहिला. विचार करा. ज्या जातीच्या हातची पायताणे चालत पण माणूस चालत नसे, त्या जातीतील एका माणसाने कोल्हापूरचा छत्रपती आणि परळच्या चाळीतला विद्वान यांच्यामध्ये पूल बांधला. महाराज त्या चाळीत स्वतः बाबासाहेबांना भेटायला गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद झाली. तेथे महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य बांधवांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले.

बाबासाहेब पुन्हा विलायतेला शिकायला गेले, त्यामागेही महाराजांचा हात होता. पण पुढचे पाहायला महाराज राहिले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. अठ्ठावीस वर्षांच्या कारभारात त्यांनी जे केले ते करायला इतरांना शतक पुरले नाही.

मागे काय राहिले?

मैदानाचे उत्तर मागे राहिले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले ते कोल्हापूर दरबारच्या मदतीने. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा या गड्याला वर्गणी गोळा करत फिरावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा कोठे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. राजाश्रय गेला, पण तालमी टिकल्या. त्याच तालमींच्या नावाने आज कोल्हापुरात फुटबॉल खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. नाव तालमीचे आणि पायात बूट फुटबॉलचे. सामने होतात ते छत्रपती शाहू स्टेडियमवर. हार्लेमच्या गल्लीला जशी बास्केटबॉलची ओढ, तशी आमच्या पेठांना फुटबॉलची. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. चेंडू घेऊन पळणाऱ्या पोराची जात आज स्टेडियममध्ये कोणी विचारत नाही. पेठेचा अभिमान आहे, भांडणेही आहेत, पण विटाळ नाही. ही महाराजांच्या आखाड्याची पुण्याई आहे.

पायताणाचे उत्तर मात्र अर्धेच राहिले. बलुते गेले, पण भांडवल आले नाही. खळ्यावर पदर पसरणारा चर्मकार आता व्यापाऱ्याच्या उचलीवर जगू लागला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने कातड्याची अडचण वाढवली. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क. पण नोंद कोणाच्या नावावर? महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरात आपली नवी चप्पल मांडली. ती पाहून सारे कोल्हापूर उठले, कारण ती कोल्हापुरीच होती. नावाचा मात्र उल्लेख नव्हता. किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. ओरड झाल्यावर कंपनीने कोल्हापुरीची प्रेरणा मान्य केली. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. नोंदणीचे मालक म्हणून दाद मागायची तर ती महामंडळांनी मागावी, हा त्यातला कळीचा मुद्दा. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला.

येथे आम्हाला वकील म्हणून दोन शब्द सांगायचे आहेत. १९९९ चा भौगोलिक निर्देशक कायदा मालकाबरोबर अधिकृत वापरकर्त्यालाही ओळखतो. म्हणजे सुभाषनगरात ठोकणीवर बसलेला कारागीर आणि त्याच्या घरात वेणी वळणारी बाई, या दोघांनाही आपले नाव त्या नोंदवहीत घालून घेता येते. ते घातले नाही तर कायद्याच्या लेखी ते कोणीच नाहीत. नोंद ही आजची सनद आहे. ती मिळवून देण्यासाठी आपल्या संघटनांनी वस्तीवस्तीत शिबिरे घ्यावीत, अर्ज भरून द्यावेत. परदेशी कंपनीशी झालेल्या करारातला पैसा कारागिराच्या खात्यात किती पोचतो, याचा हिशेब महामंडळांना जाहीरपणे विचारावा.

आणखी एक गोष्ट. प्राडाच्या निमित्ताने अनेकांना एकाएकी पारंपरिक कलेचा उमाळा आला. चर्मकाराच्या मुलांनी हा वारसा जपावा, असे सल्ले दिले गेले. वारसा जपायला आमचीच मुले का? सल्ला देणाऱ्यांनी आपला मुलगा रापीवर का बसवू नये? कातड्याचा वास ज्यांच्या नाकात कधी गेला नाही त्यांनी आम्हाला कलेचा अभिमान शिकवू नये. मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले ते कष्टाची लाज वाटून नव्हे. जन्माने लादलेले काम ही गुलामी असते, म्हणून सांगितले. महाराजांचा १९१८ चा हुकूम हेच सांगतो. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याला पूर्ण दाम, पूर्ण नाव आणि पूर्ण मालकी मिळाली पाहिजे. ज्याला सोडायचा आहे त्याला शाळा, शिष्यवृत्ती आणि नोकरीचा रस्ता मोकळा पाहिजे. दोन्ही दरवाजे उघडे असतील तरच त्याला स्वातंत्र्य म्हणता येईल. एक बंद करून दुसऱ्याचे कौतुक करणे म्हणजे नव्या कपड्यातले बलुतेच होय.

तरुण मित्रांनो, तुमच्या पायातल्या बुटाला आमचा विरोध नाही. घाला, मिरवा, मैदान गाजवा. फक्त तो बूट कोणी शिवला आणि त्याला काय मिळाले, एवढे विचारायला शिका. यंदाच्या शाहू जयंतीला पुतळ्याला हार घालून झाला की आपल्या ओळखीच्या एका तरी कारागिराचा नोंदणीचा अर्ज भरून द्या. लोकराजाला हार पुष्कळ मिळाले आहेत. त्यांनी सुरू केलेले कागदावरचे काम मात्र अजून शिल्लक आहे.